"कर्व्ह केलं का, भाऊ?"

आमच्या दुकानातल्या लग्नपत्रिकांच्या छपाईच्या फिल्म जालन्यात ज्या ताई काढून द्यायच्या, त्या कधी 'या, बसा' म्हणाल्या नाहीत. "कर्व्ह केलं का, भाऊ?" हाच त्यांचा नमस्कार. कर्व्ह करायचं म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकायची. ते राहिलं, की आमचा फाँट नसलेल्या त्यांच्या कॉम्प्युटरवर मराठीची इंग्रजी खिचडी दिसायची. मग ताई ती खिचडी मंगलाष्टकाच्या चालीत मोठ्यानं म्हणायच्या आणि सगळे खो खो हसायचे.

एकदा आष्टीच्या एका नवरदेवाचे वडील माझ्यासोबत आले, आणि नेमकं कर्व्ह राहिलं. मी शाळा अर्ध्यात सोडलेला, घर पार कोकणात. आणखी एक तक्रार आली तर मालक मला घरी धाडणार होता. पडद्यावर खिचडी उमटली.

"हे काय लिव्हलंय?" काकांनी विचारलं.

ताई गायल्या नाहीत. "काका, ही मशीनची भाषा. तुम्ही नावं सांगा, बराबर हायेत का बघते मी."

काका छाती काढून एकेक नाव सांगू लागले. ताई खिचडीवरून बोट फिरवत गंभीरपणे म्हणत होत्या, "हां, हाय. हे बी हाय." मला हसू आवरेना.

मधेच काका ओरडले, "अरे! थोरल्या जावयाचं नाव द्यायचंच राह्यलं की!"

"मंग लग्नात रुसवाच झाला असता," ताई म्हणाल्या. "पळा भाऊ, जल्दी जावई घालून, कर्व्ह करून आणा!"

मी पळालो. जिन्यात मागून काकांचा आवाज आला, "पोरी, तू वाचून घेतलं म्हणून अब्रू वाचली माझी."