मुकी आई आणि कुलूपबंद गोदामं

दोन हजार सालानंतरचे दिवस होते. हिंगोलीत सासरच्या घरी, समोरच्या खोलीत, नणंद अन् मी मिळून कॉम्प्युटरचे क्लास चालवायचो. व्हायरसनं यंत्रं सारखी बंद पडायची, म्हणून आम्ही धाडस करून सगळ्यांवर विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स टाकलं होतं. टायपिंग, तक्ते, चित्रं, सगळं झकास चालायचं. गाणी वाजवायच्या भानगडीत आम्ही कधी पडलोच नव्हतो.

माझं माहेर कनेरगाव नाक्याच्या पलीकडं, मेंढ्या-बकऱ्यांचं घर. भावानं नवा मोबाईल घेतला अन् पहिला व्हिडिओ आईचा काढला. स्टुडिओतून त्याची सीडी करून एसटीच्या कंडक्टरजवळ दिली. दुपारी क्लास रिकामा होता. सासूबाई खुर्चीत बसल्या, नणंद माझ्या शेजारी आली अन् मी सीडी घातली.

चित्र आलं, आवाज नाही.

पडद्यावर आई तावातावानं बोलत होती. हात नाचवत होती, डोळे वटारत होती, मधेच समोर बोट रोखत होती. सासूबाईंचा चेहरा उतरला.

"ही आमालाच शिव्या देऊन राहिली," त्या म्हणाल्या. "तुला माहेरी धाडलं न्हाई म्हणून. बोट बघ कसं दाखवून राहिली!"

"न्हाई हो आत्याबाई, तिचे हात असेच चालतात," मी म्हणाले अन् स्पीकरच्या वायरी तपासायला वाकले. नणंदेनं हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली.

स्पीकर ठीक होते. मग पडद्यावर सूचना आली, ती नणंदेनं वाचली. मोबाईलमधला हा आवाज वाजवणारं सॉफ्टवेअर मुख्य रिपॉझिटरीत नव्हतं. ते जादा रिपॉझिटरीत होतं, अन् ती आपल्या हातानं चालू करावी लागणार होती.

"ते काय असतं?" सासूबाईंनी विचारलं.

"गोदाम, आई. मोंढ्यात धान्याचं असतं तसं. एक उघडं दिलंय, बाकीच्यांना कुलूप हाय. लागलं तर आपण खोलायचं."

"मग खोल की! काहून बसून राहिलीस?"

सासूबाईंचा हुकूम म्हटल्यावर नणंद सुटलीच. पडद्यावरच्या खिडकीत दिसेल त्या चौकोनात तिनं माऊसनं टिचकी मारली. वर इंटरनेटवर कुणीकुणी सुचवलेली परकी गोदामंही जोडली. फोनच्या तारेवरून सामान येऊ लागलं. नवे खेळ आले, घड्याळं आली, पडद्यावर पोहणारे मासे आले. आम्ही दोघी टाळ्या पिटत होतो. शेवटी सीडी पुन्हा लावली, तर व्हिडिओ दाखवणारा प्लेअरच उघडेना.

"आता तर विहीण दिसायची बी बंद झाली!" सासूबाई ओरडल्या, अन् आम्ही दोघी हसून हसून टेबलावर पडलो.

झालं असं होतं की एकाच प्लेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वेगवेगळ्या गोदामांतून आल्या होत्या, अन् एकीचे भाग दुसरीला बसत नव्हते. मी नणंदेच्या हातातून माऊस घेतला. परकी गोदामं बंद केली, तिथून आलेलं सामान काढून टाकलं. लिनक्स बनवणाऱ्यांचं स्वतःचं जादा गोदाम तेवढं चालू ठेवलं, त्यातल्या सामानाची यादी ताजी केली अन् प्लेअर नव्यानं बसवला. मासेही गेले, त्याचं नणंदेला फार वाईट वाटलं.

सीडी फिरली अन् खोलीत आईचा आवाज दणाणला.

"अरे ए, ते डबडं ठेव अन् बकरीला हाकल! माझं लुगडं खाऊन राहिली ती! दात काय काढून राहिलास, पळ!" मागून भावाचं खिदळणं. मग आई पदर सावरून समोर बघत म्हणाली, "पोरी, जेवलीस का गं? विहीणबाईला म्हणावं, औंदा हळद लई छान झाली, डबा भरून धाडते."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "परत लाव," त्या म्हणाल्या. क्लासच्या मुली आल्या, त्यांनाही दाखवलं. टायपिंग त्या दिवशी झालंच नाही.

नंतर मी नेट बंद करून फोन मोकळा केला अन् भावाचा नंबर लावून दिला. आई फोनवर आली तशा सासूबाईंनी थेट विचारलं, "विहीणबाई, लुगडं वाचलं का?"

"कुठलं वाचतंय!" आईचा आवाज रिसीव्हरबाहेर, माझ्यापर्यंत आला. "बकरी मात्र मजेत हाय."