हिरवी म्हैस

इंदिरानगरात आमच्या जिन्याला आज ऑइलपेंट लागला, आणि त्या वासासरशी मी थेट घोटीजवळच्या आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. ‘तिथे डॉक्टर नाही, हे खरे आहे काय?’ असा प्रश्न आमदारांनी विधानसभेत टाकला होता. सरकारचं उत्तर जायच्या आधी दवाखाना असा रंगवला, की भिंतीला अंग घासणारी म्हैस हिरवी होऊन घरी गेली. सिन्नरहून डॉक्टरही आणले, त्या एका दिवसापुरते. बायको आठवडाभर तापाने फणफणत होती. तेवढ्यात तिला सुई मिळाली. चहा पिऊन डॉक्टर जीपने परत गेले, आणि ‘डॉक्टर हजर आहेत’ हे उत्तर मुंबईला गेलं.

खाटेवर मी तिला म्हशीची हकिगत सांगितली. डोळे मिटूनच तिने आमदारी आवाज काढला, “म्हैस हिरवी झाली, हे खरे आहे काय?”

“अंशतः खरे आहे,” मी म्हणालो. ती हसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पुढे माझ्या प्रत्येक थापेला तिचा हाच प्रश्न असायचा. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली.

आज रंगाऱ्यालाही म्हैस सांगितली. “हो का काका,” म्हणत तो ब्रश मारत राहिला. त्याने काहीच विचारलं नाही.