धुडकूचा रुसवा

आमच्या रनाळ्यात तापीबाईला वेडी म्हणायचे. म्हणोत बापडे. मी लग्न होऊन तिच्या शेजारच्या घरात आले तेव्हा माझ्या सासूने, नानीबाईने, पहिली ताकीद हीच दिली, की त्या बाईच्या घरात पाऊल टाकायचं नाही, तिने उंदीर पाळलाय. मी दुसऱ्याच दिवशी गेले.

ज्यांनी प्लेग पाहिला नाही त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. त्या काळी ‘उंदीर पडला’ असं कुणी नुसतं म्हटलं तरी गावाची पाचावर धारण बसायची. घरात उंदीर मरून पडला म्हणजे प्लेग आला. लोक भांडीकुंडी उचलून शेतात झोपड्या घालत, आणि ज्याच्या घरात पडला त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नसे. जर्मनच्या लढाईच्या वेळी आलेल्या साथीत तापीबाईचा नवरा गेला. खांदा द्यायला एक माणूस आला नाही. तिने स्वतः गाडीला बैल जुंपले आणि त्याला नेलं. परत आल्यावर ती कुणाशी भांडली नाही. पण गाव ज्याला भिईल ते मुद्दाम करायचं, हा तिचा तेव्हापासून नेम झाला.

लोक सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडे आणतात, हिने उंदीर आणला. तिथे एक खेळवाला चाकावर पांढरे उंदीर पळवायचा. त्यातला एक पळेनासा झाला म्हणून तो फेकायला निघाला होता. तापीबाईने त्याला पदरात घेतलं आणि नाव ठेवलं धुडकू. लेकरं जगत नसली की आमच्याकडे असं टाकाऊ नाव ठेवतात, म्हणजे मरणाची नजर जात नाही. गावातला धुडकू पहिलवान मात्र पुष्कळ दिवस तिच्याशी बोलत नव्हता.

उंदीर जगला, पण खाण्यात नुसता नवाब. खेळवाल्याने त्याला गूळ-शेंगदाण्याची सवय लावलेली, त्याला तेवढंच हवं. भाकरीला नाक मुरडायचा, मूग पायाने उडवायचा आणि मेथीच्या पानावर खुशाल बसायचा. तापीबाईने आधी लाड पुरवले. तो गरगरीत झाला, केस झडले, पाठ खाजवून खाजवून लाल झाली. मग तिने त्याची खोड मोडायची ठरवली. दादर ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा, मोड आलेले मूग, हिरवा पाला, वर बोटभर ताक. शेंगदाणा बंद. धुडकूने खाणंच सोडलं, आणि एका सकाळी तो आडवा पडून राहिला.

नेमकी तेव्हाच माझी सासू विस्तव मागायला तिच्या दारात गेली. घरात पाऊल टाकायचं नसलं तरी दारातून विस्तव चालायचा. उंदीर पडला म्हणून ती तिथूनच ओरडत सुटली. दुपारपर्यंत अर्ध्या गावाने गाठोडी बांधली. हिंमतराव पाटील माणसं घेऊन आले आणि तोंडाला उपरणं लावून अंगणाबाहेर उभे राहिले. उंदीर रॉकेल टाकून जाळायचा, आत ऊन पडावं म्हणून घराची कौलं उतरवायची आणि बाईने गावाबाहेर जायचं, असं त्यांनी फर्मावलं.

तापीबाई धुडकूला सुपात घेऊन बाहेर आली.

“पडना नही,” ती म्हणाली, “रुसना शे.”

हसू कुणालाच आलं नाही. रुसला असेल तर खाऊन दाखवू दे, पाटील म्हणाले. दिवस मावळेपर्यंत खाल्लं नाही तर जाळणार. तिने सुपात भाकर, मूग, पाला मांडला. धुडकू हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. मी कुंपणावरून हळूच शेंगदाणे पुढे केले. एका दाण्यासाठी तो ताडकन उठला असता. तिने माझा हात बाजूला सारला. आज दाणा दिला तर उद्या पुन्हा पडेल, आणि मी काय रोज गाव जमवू, असं मलाच सुनावलं.

सूर्य कलला तशी ती विधवा बाई, पाटलांसमोर, उघड्या अंगणात मांडी घालून जेवायला बसली. त्याच सुपातली भाकर, तेच मूग, उंदराचं उष्टं. लोक मागे सरकले. माझ्या सासूने डोळे मिटून देवाचा धावा मांडला. तापीबाई सावकाश चावत राहिली आणि धुडकूला उचलून तिने तोंडाजवळ धरलं. त्याने तिचे ओठ हुंगले. पुन्हा हुंगले. मग तिच्या बोटांतला मूग ओढून घेतला. मग भाकर. मग आमच्यावर उपकार केल्यासारखं मेथीचं पानसुद्धा. खाऊन झाल्यावर तो सुपात दोन पायांवर उभा राहून मिशा पुसू लागला.

पाटील निघाले. तापीबाईने त्यांना थांबवलं. आवाज जराही चढवला नाही.

“मन्हा धनी गया तव्हय खांदा देवाले कोनी ऊनं नही. आते उंदीरकरता आख्खं गाव ऊनं.”

पाटलांनी तोंडावरचं उपरणं खाली घेतलं. माणसं आपापली गाठोडी सोडायला गेली. माझी सासू तेवढी रेंगाळली. चुलीला विस्तव न्यायचा राहिलाच होता. तापीबाईने तिला सांगितलं, दारातून मिळणार नाही, आत येऊन घे.

सासू उंबऱ्याशी बराच वेळ घुटमळली. मग पदर सावरून आत गेली. धनी गेल्यापासून त्या घरात शिरलेलं ते गावातलं दुसरं माणूस. पहिली मी.