कंबर ७६२, प्लस मायनस दोन

माझ्या मशीनखाली कातरणाचं एक पोतं असतं. रोज मूठभर चिंध्या त्यात टाकते आणि महिनाभरात ते टम्म फुगतं. एकही तुकडा कामाचा नसतो, तरी फेकायला हात होत नाही. किश्श्यांचंही तसंच आहे! पंचवीस वर्षं आकुर्डीत लेडीज टेलरिंगचं दुकान चालवतेय, पण सगळ्यात जास्त चिंध्या जमल्या त्या माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नात. बाहेरच्या गिऱ्हाइकानं डोकं फिरवलं तर "दुसरीकडे बघा" म्हणता येतं. घरच्यांना कुठे पाठवणार?

आमचे हे म्हणतात, "शोभा, तुला फार लवकर राग येतो."

लवकर नाही येत. वेळेवर येतो. ट्रायलला लोकच उशिरा येतात!

*

दुकानात मी एक पाटी लावलीय : 'कापडाजवळ खाणे-पिणे सक्त मनाई.' अक्षरं माझीच, वाकडी आहेत, पण वाचता येतात.

प्रज्ञाच्या लग्नाचं कापड आणलं तो दिवस. आमचं लग्न बौद्ध पद्धतीचं, म्हणजे नवरी पांढऱ्यात. साडीऐवजी पायघोळ पांढरा ड्रेस हवा, ही तिच्या होणाऱ्या सासूबाईंची, सुनंदाताईंची हौस. प्रज्ञालाही तो आवडला होता, म्हणून मी काही बोलले नाही. पांढरंशुभ्र सॅटिन टेबलावर अंथरलं आणि वळून बघते तर आमच्या वहिनी, म्हणजे नवरीची आई, हातात चहाचा कप घेऊन वाकून बघतायत!

"वहिनी, पाटी वाचली का?"

"अगं, घरच्यांना कसली पाटी?"

"चहाला कळतं का घरचं कोण ते? बाहेर!"

वहिनींनी रस्त्यावर उभं राहून चहा संपवला आणि तिथूनच फोन करून सगळ्या पाहुण्यांना सांगितलं की शोभानं मला हाकलून दिलं. दिलंच! नवरीची आई असो नाहीतर नवरदेव असो, पाटी सगळ्यांना सारखी. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

आता माझा दादा. नवरीचा बाप. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे पार्ट तपासायचं काम. गेज म्हणून एक साचा असतो. पार्ट त्यात बसला तर ओके, नाही बसला तर त्याला लाल टॅग, रिजेक्ट! आयुष्यभर हेच केलं. बोलणं अगदी कमी. घरात वहिनी बोलतात आणि दादा मान हलवतो.

प्रज्ञाला ताथवड्याच्या कॉलेजमधून यायला सवड नव्हती. तिथे ती इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवते. मी म्हटलं, "दादा, घरीच मापं घे आणि पाठव." मला वाटलं, चिठ्ठीवर चार आकडे येतील. आलं काय? ड्रॉइंग! पट्टीनं रेघा मारलेलं, समोरून एक, बाजूनं एक, बाण, खाली सही, तारीख. आणि सगळं मिलीमीटरमध्ये! छाती ८६४. कंबर ७६२, प्लस मायनस दोन, म्हणजे दोन इकडेतिकडे चालतील.

मी फोन लावला. "दादा, प्लस मायनस काय? पोरगी आहे ती, पिस्टन नाही!"

दादा शांतपणे म्हणाला, "पिस्टनला एवढा टॉलरन्स देत नाहीत गं."

पण खरं सांगते, इतकं चोख माप मला जन्मात कुणी दिलं नाही. इंचात केलं, कंबर बरोब्बर तीस. ड्रॉइंग मी खिळ्याला टांगून ठेवलं.

*

लग्नात आमच्याकडे अक्षता नसतात, फुलांच्या पाकळ्या उधळतात. सुनंदाताईंचं म्हणणं पडलं की नवरीपुढे चार छोट्या मुली पाकळ्यांच्या परड्या घेऊन चालतील, सगळ्या पांढऱ्या झालरीच्या फ्रॉकमध्ये. त्याला म्हणे फ्लॉवर गर्ल म्हणतात.

चौघींतली एक सानू, सहा वर्षांची, राजगुरुनगरच्या माझ्या मावशीची नात. मावशी तिला घेऊन मापाला आली.

"शोभे, ही फ्लावर गर्ल म्हंजी काय गं? भाजीवाली का?"

"भाजी नाही मावशी, फुलं. फुलं!"

मावशीनं शिवून तयार असलेला नमुन्याचा फ्रॉक बघितला. कंबरेपासून खालपर्यंत झालरीवर झालर. म्हणाली, "न्हाई, बराबर हाय. फ्लावरचा गड्डाच दिसतुया."

वर तिची एकच अट. "वाढत्या अंगाचं शिव. पुढल्या साली शाळेच्या ग्यादरिंगला व्हईल, त्याच्या पुढल्या साली बी व्हईल." मी मान हलवली आणि मापानंच कापलं. तर बाई परत आली, फ्रॉक सानूच्या अंगाला लावून बघितला आणि माझ्या डोक्यावर बसून उसवायला लावला! वाढवला. ट्रायलला सानूचे हात बाह्यांत गडप, पाय घेरात गडप, नुसतं डोकं बाहेर. परडी धरायची कशानं?

"दोन वर्सांनी झ्याक बसंल," मावशी म्हणाली.

"मावशी, लग्न महिन्यावर आलंय!"

शेवटी आत दाब धरून कच्चा टाका घातला, लग्नानंतर उसवा आणि खुशाल वाढवा म्हटलं. मग बाकीच्या तीन पोरींच्या आयांना ते कळलं. चारही फ्रॉक वाढत्या अंगाचे!

*

यापुढचा किस्सा सांगताना मला अजून घाम फुटतो, रागानं.

सानू स्टुलावर उभी, मी तोंडात टाचण्या धरून खालची दुमड लावतेय. वहिनी कानाशी आल्या. हळू बोलल्या, पण सहा वर्षांच्या पोरीचे कान काय तिखट असतात!

"सानूला जरा मागे ठेवायचं का गं? सावळी आहे ना. पांढऱ्यात फार उठून दिसेल."

मी एकेक करून सगळ्या टाचण्या तोंडातून काढल्या. नाहीतर गिळल्या असत्या!

"वहिनी, उठून दिसावं म्हणूनच माणसं कपडे शिवतात! लपायचंच असेल तर घरातली चादर पुरते, टेलर कशाला?"

मला जास्त चीड कशाची आली सांगू? वहिनी स्वतः सावळ्या. त्यांच्या लग्नात त्यांच्या सासरच्यांनी, म्हणजे आम्हीच हो, इतकी पावडर थापली होती की फोटोत तोंड एका रंगाचं आणि हात दुसऱ्या. तो फोटो त्यांनी कधी भिंतीला लावला नाही. ज्या बाईला हे सगळं माहीत, तीच हे बोलत होती.

सानू स्टुलावरून म्हणाली, "मी पुढंच चालणार. मला सगळ्यांपेक्षा लांब फेकता येतं."

ठरलं. सानू सगळ्यांत पुढे.

*

आणि मग सुनंदाताईंचा फोन आला.

"शोभाताई, कंबर दोन इंच कमी शिवा हं."

"माप तीस आहे ताई."

"हो, पण लग्नापर्यंत अठ्ठावीस होईल. ड्रेस समोर असला की मुलीला टार्गेट राहतं. फोटो जन्मभर राहतात हो!"

मी सांगितलं, मी माणसाच्या मापानं कपडा शिवते, कपड्याच्या मापानं माणूस नाही. फोन ठेवला. पाच मिनिटांत वहिनींचा फोन, आणि आवाज रडका. "शोभा, हो म्हण गं. लग्न तोंडावर आलंय. दोन इंचांवरून वाकडं नको." पाठोपाठ प्रज्ञाचा मेसेज : "आत्या, शिव तसंच. मी करते मॅनेज."

शिवला. माझ्या या हातांनी अठ्ठावीसचा शिवला. हा राग कुणावर काढायचा ते मला अजून समजलेलं नाही.

त्या दिवशी दादा डबा घेऊन कंपनीतून परस्पर दुकानात आला. टेबलावर खडूनं लिहिलेला २८ त्यानं बघितला. मग खिळ्यावरच्या ड्रॉइंगकडे बघितलं.

"ड्रॉइंग बदललं?"

"हो."

"कुणाच्या सहीनं?"

मी टेबलावरची खडूची भुकटी झटकायला लागले. दादानं मान हलवली आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेला. मला त्याचा असा राग आला! अरे, बाप आहेस ना तू? मान काय हलवतोस!

*

त्या पोरीनं तीन आठवडे काय खाल्लं असेल? सकाळी काकडी, दुपारी काकडी, संध्याकाळी सूप. आणि दिवसभर लॅबमध्ये उभं राहून शिकवायचं. एके दिवशी प्रॅक्टिकल चालू असताना चक्कर येऊन खाली पडली. विद्यार्थ्यांनी उचलून बाकावर झोपवलं, कुणीतरी बिस्किटाचा पुडा पुढे केला, तर ही बाई शुद्धीवर येऊन विचारते काय, "यात साखर किती आहे?"

वहिनी मला सांगायला आल्या. वाटलं, घाबरल्या असतील. तर डोळे चमकत होते. "शोभा, एक इंच उतरली!"

मी कात्री खाली ठेवली. हातात कात्री असताना काही गोष्टी ऐकू नयेत.

"वहिनी, पोरगी जमिनीवर पडली आणि तुम्ही टेप घेऊन बसलात?"

तेव्हा मात्र त्या रडायला लागल्या. "मी काय करू मग? तिकडे बोलायची माझी हिंमत होत नाही गं." आमच्या घरात तिकडे बोलायची हिंमत कुणाचीच होत नव्हती. मलाही कुठे झाली? अठ्ठावीस शिवलाच ना मी!

*

शेवटची ट्रायल. लग्न चार दिवसांवर. दुकानात मी, वहिनी, सुनंदाताई, आणि दाराजवळच्या स्टुलावर कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये दादा, मांडीवर डबा. त्या दिवशी त्याला जेवायला वेळ मिळाला नव्हता, डबा तसाच भरलेला.

प्रज्ञा पडद्याआडून आली. ड्रेस सुंदर झाला होता, माझाच म्हणून नाही. पण मागची चेन कंबरेपाशी येऊन अडली. मी ओढली, वहिनींनी ओढली.

"श्वास आत घे, बाळा," वहिनी म्हणाल्या. प्रज्ञानं घेतला. चेन हलली नाही. तिच्या पाठीवर चेनचे दात उमटले होते, लाल. श्वास सोडला तशी ती रडायला लागली, आवाज न करता.

सुनंदाताई म्हणाल्या, "अगं, रडतेस काय? एकच इंच राहिलाय. चार दिवस नुसत्या पाण्यावर राहिलीस की होऊन जाईल!"

माझी कानशिलं तापली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा उठला. डबा स्टुलावर ठेवला. खिळ्यावरचं ड्रॉइंग काढलं. खिशातून स्टीलचा टेप काढून प्रज्ञाच्या कंबरेला अलगद लावला, आकडा वाचला, ड्रॉइंग बघितलं.

"तब्बल पंचवीस मिलीमीटर कमी भरतेय," तो म्हणाला. "खाऊ घाला हिला."

मग अडलेल्या चेनपाशी ड्रेसच्या कंबरेचं माप घेतलं. पुन्हा ड्रॉइंग बघितलं. आणि वरच्या खिशातून लाल टॅग काढला. कंपनीतला, दोरीवाला, 'रिजेक्ट' छापलेला. वहिनींच्या तोंडातून "अहो!" निघालं. त्यांना वाटलं, आता हा पोरीच्या गळ्यात बांधतोय की काय!

दादानं तो चेनला बांधला. ड्रेसच्या.

"पार्ट ओके आहे," दादा सुनंदाताईंना म्हणाला. "गेज चुकलंय."

सुनंदाताई म्हणाल्या, "म्हणजे काय? मला काही कळलं नाही."

दादाचं बोलून झालं होतं. पण प्रज्ञाला कळलं. ती डोळे पुसत स्टुलाकडे गेली, बापाचा डबा उघडला आणि तशीच उभ्या उभ्या, मागून अर्धी उघडी, चेनला लाल टॅग लोंबतोय अशी, चपाती-बटाट्याची भाजी खायला लागली. पहिल्या दोन घासांत तिनं श्वाससुद्धा घेतला नाही.

तिसऱ्या घासाला भाजीची फोड घसरली. छातीपासून कंबरेपर्यंत, पांढऱ्याशुभ्र सॅटिनवर, हळदीचा पिवळा ओघळ!

"अहो, डाग!" सुनंदाताई किंचाळल्या. "शोभाताई, बघा ना! ड्रेसला डाग पडला!"

वहिनींनी आधी पाटीकडे बघितलं, मग भीत भीत माझ्याकडे.

"पडू दे," मी म्हटलं. "माल रिजेक्ट आहे."

प्रज्ञानं चौथा घास तोंडात घातला आणि भरल्या तोंडानं म्हणाली,

"आत्या, नवा शिवताना वाढत्या अंगाचं शिव!"