दादाचं कागदावरचं गाव

पोलादपूरच्या पोस्टातला शिपाई तार घेऊन शाळेच्या पायऱ्या चढला, तेव्हा मी सातवीला भूगोल शिकवत होते. दादा पुण्याला ऑफिसातच गेला, टेबलावर मान टाकून… माझा सख्खा भाऊ गेला होता, आणि मनात पहिला विचार आला तो गावी, कापड्याला जाऊन आईला कसं सांगायचं याचा. त्याला आता महिना उलटला.

दादा एका संशोधन संस्थेत होता. गावात जनावरं किती, शेण किती, चुलीला लाकूड कुठून येतं, हे सगळं समीकरणांत बसवायचं आणि सरकारनं अमुक केलं तर पुढं काय होईल ते आधीच पाहायचं, हे त्याचं काम. तो त्याला प्रतिमान म्हणे. आई म्हणे, “येशाचं कागदावरचं गाव.” गोबरगॅसच्या टाक्या कुठल्या गावांना मिळायच्या, ते त्यावरून ठरणार होतं. आई धुरानं खोकून खोकून अर्धी झालेली. घरचाच माणूस हिशेब मांडतोय म्हटल्यावर आम्हाला चिंता कसली! शेजारच्या काकूंनी तर टाकीची जागासुद्धा झाडून ठेवली होती.

पण दादा या मातीतला. आमच्याकडे शेण राबाला लागतं. भाताची रोपं करायची त्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरून जाळायच्या, नाही तर रोप जोर धरत नाही. पुण्यात कुणाच्या ध्यानीमनी नसलेला हा राब त्यानं हिशेबात घातला, आणि कापड्यापासून वर कुडपणपर्यंतची गावं टाकीसाठी बाद झाली.

“तेवढा राब इसरला असतास तर रे?” आईनं विचारलं.

“तर टाकी बांधली असती आई, आणि शेणावाचून कोरडी पडली असती. नाय तर रोपं गेली असती.”

“मग आता?”

“धूर बाहेर नेणारी चूल आणि गावालगत जळणाची झाडं, असं सुचवलंय. दोन्ही गोष्टी एकत्रच लिहून दिल्यात.”

वरच्यांनी त्या एकत्र घेतल्या नाहीत. गावं लगेच बाद केली. चुली आणि झाडं ‘पुढे पाहू’ म्हणून ठेवून दिली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं. दादानं किती खेटे घातले… एकदा महाडच्या स्टँडवर गाडीची वाट पाहताना म्हणाला, “माझा हिशेब बरोबर होता गं. ‘नाही’ म्हणायला त्यांना तोच उपयोगी पडला.” मला त्याचा राग यायचा. माणसानं इतकं सरळ असू नये, निदान आईच्या बाबतीत तरी. तो गेला तरी हा राग पुरता गेलेला नाही, आणि त्याच्याशी भांडायचीही आता सोय नाही.

त्यानंतर घरी आला की तो ओटीवर बसेचना. थेट चुलीपाशी, आईच्या उजव्या हाताला. तिच्या हातातून फुंकणी घ्यायचा आणि डोळे लाल होईपर्यंत स्वतः जाळ करायचा. “भायेर बस रे, शिकल्याला माणूस तू,” ती म्हणायची. तो हलत नसे.

गेल्या रविवारी मी कापड्याला होते. लाकडं ओली होती, जाळ बसला. आईनं फुंकणी उचलली आणि न बघताच उजवीकडे धरली… तशीच धरून राहिली. मी उठून जाईपर्यंत ती स्वतःच वाकली होती.