बाणाचा हात झाला की

माठ घेताना बोटाने टिचकी मारून बघतात ना, तसं ऑफिसातले काका स्लाइडवरच्या प्रत्येक चित्रावर एकदा माउसने क्लिक करून बघत. काही उघडलं नाही, की मान हलवून पुढच्या चित्राकडे वळत. सत्तावीस चित्रं असली तर सत्तावीस वेळा. मी मोजलं आहे.

आमच्या पंपांच्या कंपनीत ते टायपिस्ट म्हणून लागले होते. पुढे टाइपरायटर गेले, त्यांच्यामागून टायपिस्टही गेले. काकांनी मात्र नारायण पेठेत घराजवळ कॉम्प्युटरचा क्लास लावला, कॉलेजातल्या पोरांच्या रांगेत बसून स्लाइड्स करायला शिकले आणि वर्षावर्षाच्या करारावर टिकले. माझं टेबल त्यांच्या शेजारी. मी प्लॅनिंगमधला. आकडे माझे, स्लाइड्स त्यांच्या.

इंटरनेटवरचं चित्र ते कधी थेट उचलून चिकटवत नसत. आधी आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घेत, मग तिथून स्लाइडवर घालत. थेट चिकटवलं तर चित्रामागून त्या वेबसाइटची लिंकही येते, हे त्यांनी मला एकदा दाखवलं होतं.

"चित्र आणायचं, त्याचं बिऱ्हाड नाही. चित्रावर बाण नेला आणि त्याचा हात झाला, की समजा, आत कुणीतरी राहतंय."

"काका, एवढं कोण बघतंय?"

"कुणाला बघावं लागू नये म्हणूनच मी बघतोय."

एका मोठ्या ऑर्डरसाठी परदेशी पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी काकांनी फाइल तपासून माझ्याकडे दिली. सकाळी मला चौदावी स्लाइड ओकीबोकी वाटली, नुसते आकडे. मी खडकवासल्याच्या धरणाचं एक चित्र इंटरनेटवरून उचललं आणि चिकटवलं. क्लिक करून बघितलं नाही.

साहेबांनी पुढच्या स्लाइडवर जायला नेमकं त्या चित्रावरच क्लिक केलं. पडद्यावर धरणाजवळच्या एका रिसॉर्टचं पान उघडलं. जोडप्यांना खास सवलत होती. पाहुणे हसले. साहेब हसले नाहीत.

"हे कुणाचं काम?"

मागच्या खुर्चीतून काका उठले. "स्लाइड्स माझ्या हातच्या आहेत, साहेब."

त्यांचा करार त्याच महिन्यात संपत होता. हे साहेबांना ठाऊक होतं, काकांना ठाऊक होतं आणि मलाही. तरी मी बसून राहिलो.

जेवणाच्या सुट्टीत मात्र केबिनमध्ये जाऊन खरं ते सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. "सांगितलंत ते बरं केलंत. पण तुम्हाला चित्र चिकटवता येतं, म्हणजे स्लाइड्सही येतील. पुढच्या महिन्यापासून ज्याच्या त्याने कराव्यात. वेगळा माणूस कशाला?"

हे मीच काकांना येऊन सांगितलं. ते डबा बंद करत होते.

"अहो, बोललात कशाला? मी चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि वर्षभर राहिलो असतो."

"चूक माझी होती, काका."

"होतीच. पण तुम्ही पडलात आकड्यांची माणसं. ताळा जुळल्याशिवाय तुम्हाला जेवण जात नाही." डब्याची कडी लावता लावता म्हणाले, "जेवलात का?"

मी जेवलो नव्हतो. त्यांनी डबा पुन्हा उघडला. एक पोळी उरली होती.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं. चित्रावर उजवं बटण दाबायचं, यादीतून लिंक काढून टाकायची. "झालं. दोन क्लिकचं काम. म्हणून तर माणूस लागत नाही."

त्यानंतर ते ऑफिसात आले नाहीत. एकदा घरी गेलो होतो, तर नातवाच्या शाळेच्या स्लाइड्सवर क्लिक करत बसले होते. आता काका नाहीत.

फाइल पाठवण्याआधी मी प्रत्येक चित्रावर एकदा क्लिक करतो. काही उघडत नाही. शेजारच्या टेबलावर आता प्रिंटर असतो. मान मीच हलवतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो.