फॉस्फरसचं खरं नाव

केतकी, निखिल — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईलाही नाही. आता सांगते आहे तेही डोळ्यांत पाणी आणून नव्हे. मला राग आलेला आहे. केतकीचं पत्र आलं तेव्हापासून तो उतरत नाही.

केतकी, तू लिहिलंस की तू रसायनशास्त्र इंटरनेटवरच्या चर्चेतून शिकवतेस. मुलं खरी नावं लपवून प्रश्न विचारतात, एकमेकांना उत्तरं देतात, एरवी तोंड न उघडणारीही तिथे बोलतात. आणि शेवटी — "आजी, ही तर तुझीच चर्चावही! मी शाळेत सगळ्यांना सांगितलं." कुणी सांगायला सांगितलं होतं तुला? पण तुझ्यावर काय चिडू? ही गोष्ट तुम्हाला लहानपणी मीच सांगितली. अर्धीच सांगितली.

सोनपेठकडच्या त्या गावात शाळा दहावीपर्यंत होती. मी हैदराबादला इंग्रजीतून शिकून आलेली, अंगात शिस्त मुरलेली. प्रश्न विचारला की पुढच्या दोन बाकांवरचे हात वर जायचे आणि मागचे सगळे खाली बघायचे. म्हणून मी प्रत्येकाला एका मूलद्रव्याचं नाव दिलं — चिठ्ठीवर लिहून, गुपचूप. यादी फक्त माझ्याजवळ. प्रश्न आणि उत्तरं डब्यात टाकायची आणि अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून ती वहीत मी उतरवायची. समास आखून, प्रश्न लाल शाईत, उत्तरं निळ्या. मूळ चिठ्ठ्या दर शनिवारी जाळायच्या. किती व्यवस्थित, नाही? त्या व्यवस्थितपणाचाच मला आज सगळ्यांत जास्त संताप येतो.

वही प्रयोगशाळेच्या दाराशी टांगलेली असे. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती झुंबड. एकाने विचारलं, आमच्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही? तिघांनी पुस्तकातलं उत्तर उतरवलं. फॉस्फरसने लिहिलं — पाण्यातले क्षार साबणाला आधी गाठतात, त्याचा चोथा होतो. तेच पाणी उकळून निववलं तर थोडा फेस येतो, पावसाच्या पाण्याला भरपूर येतो. खाली दोन शब्द — करून बघितलं. त्याच्या प्रत्येक उत्तराखाली तेच दोन शब्द.

"फॉस्फरस कोण हाय गं? लय शहाणं दिसायलंय."

"गणपत असंल."

"गणपत? सोताचं नाव लिवताना दोनदा खोडतंय ते!"

फॉस्फरस म्हणजे यशोधरा. मागच्या बाकावरची. बौद्ध वस्तीतली, बाप दुसऱ्याच्या रानात सालगडी. वर्गात तिचा आवाज मी वर्षभरात चार वेळाही ऐकला नसेल. वहीत मात्र तिच्यासारखं कुणी नव्हतं, आणि हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. मला अभिमानही वाटायचा. हो, वाटायचा.

मी वर्गाला शब्द दिला होता — ज्याची उत्तरं सगळ्यांत चांगली, त्याला मी परभणीला अकरावी सायन्सला घालणार. राहायला माझ्या बहिणीकडे, तुमच्या मावशीआजीकडे, मागची खोली. जेवणखाण तिथेच. इतरांना ते बक्षीस होतं. यशोधरेला ती एकच वाट होती. घरी राहिली असती तर दहावीनंतर खुरपं हातात घ्यायचं, दुसरं काय?

त्याच वर्षी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. पेटला म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं — गावोगावी बौद्धांची घरं जाळली. एका विद्यापीठाच्या नावावरून! आमच्या गावात घर जळलं नाही; पण वस्तीतल्या लोकांना कामावर बोलावणं बंद झालं, पिठाच्या गिरणीवर दळण घेईनात. शाळेत आम्ही शिक्षक त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हतो. आम्ही सुशिक्षित ना.

वहीचा निकाल सांगायच्या दिवशी हेडसर चहा पिता पिता म्हणाले, "बाई, दिवस कसे हायत, तुमी बघायलातच. नाव जरा इचार करून सांगा."

मी वर्गात गेले. यादी उघडली. यशोधरेच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "फॉस्फरस — शकुंतला."

शकुंतला संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी. ती सोडियम होती. तिला ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि यशोधरेला आपण कोण ते माहीत होतं. चौथ्या कुणालाही काही कळायचं कारण नव्हतं. शकू उठली, टाळ्या झाल्या, ती मान खाली घालून बसली.

मग आता कुणाला दोष देऊ? हेडसरांना? त्यांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. दंगलीला? पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं — तिचं नाव पुढे आलं असतं तर लोक तिच्या घरावर गेले असते, मी तिला वाचवलं. वाचवलं! किती सोयीचं! तिला न विचारता, तिचंच हिसकावून?

खरं हे आहे. आदल्या रविवारी मी परभणीला बहिणीकडे गेले होते. तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "मुलगी आपल्यातलीच ना गं?" आणि मी म्हटलं, "हो, हो." विचार करायलाही थांबले नाही. एस.टी.त बसल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आलं — यशोधरा त्या स्वयंपाकघरात हंड्यातून पाणी घेते आहे. आणि ते मला बघवेना. बहिणीला नव्हे. मला. अणूंना जात नसते असं ऐटीत शिकवणारी मी!

निकालाच्या दुसऱ्या दिवशी यशोधरा माझ्या टेबलापाशी आली. "बाई, मला चिठ्ठी तुमीच दिल्ती. फॉस्फरस. मी इसरले न्हाई."

मी म्हटलं, "तुझी काहीतरी गल्लत होते आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. "वहीत बघा की मग."

वहीत काय बघणार होते? वहीत तिचं अक्षरच नव्हतं. सगळं माझ्या अक्षरात होतं, आणि तिच्या चिठ्ठ्या मी दर शनिवारी जाळल्या होत्या.

ती रडली असती तर कदाचित — नाही, तरीही मी काही केलं नसतं. पण तिने दुसरंच केलं. वही परीक्षेपर्यंत चालू होती. कुणीतरी विचारलं, तांब्याचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला तर काय होईल? काही होत नाही, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिची चिठ्ठी आली — हायड्रोजन जोरात बाहेर पडेल, करून बघितलं. साफ चूक. मुद्दाम चूक. आता फॉस्फरस म्हणजे शकू. वर्ग शकूला हसेल, तिचं पितळ उघडं पडेल. एवढाच सूड त्या पोरीच्या हातात उरला होता.

आणि मी काय केलं? वहीत उतरवताना उत्तर दुरुस्त केलं. निळ्या शाईत लिहिलं — काही होणार नाही.

मधल्या सुट्टीत तिने वही वाचली. मी खिडकीतून बघत होते. एकदा वाचली, बोटाने ओळ धरून पुन्हा वाचली आणि वर्गात निघून गेली. त्यानंतर फॉस्फरसची चिठ्ठी आली नाही.

शकूला परभणीत काकांचा वाडा होता. तिला माझ्या बहिणीची खोली नकोच होती. ती खोली त्या वर्षी रिकामी राहिली. यशोधरेचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला अडवलं कुणी होतं?

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अभ्यासातील प्रगतीचा एक रकाना असतो. कारकून विचारायचे, वर्गशिक्षिका म्हणून मी शब्द सांगायचे. शकुंतलेच्या दाखल्यावर मी "उत्तम" सांगितलं. यशोधरा माझ्यासमोर उभी होती, तिला ऐकू जात होतं. तिच्या दाखल्यावर मी "समाधानकारक" सांगितलं.